क्रीडास्पर्धांचे शुभंकर : कल्पनेपासून मैदानापर्यंत

सन २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांचे यजमानपद नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबाद शहराला देण्यात आले. दिल्लीत २०१० साली झालेल्या स्पर्धांनंतर हा मान भारताला दुसऱ्यांदा मिळत आहे. २०३६ च्या ऑलिंपिकसाठीही भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये आपली इच्छा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला लेखी कळवली आहे. अशा स्पर्धांची तयारी म्हटली की मैदाने, क्रीडाग्राम, वाहतूक आणि सुरक्षा यांची चर्चा प्रामुख्याने होते. तथापि स्पर्धा संपून अनेक वर्षे लोटल्यावर सामान्य माणसाच्या स्मरणात पदकतालिकेपेक्षाही अधिक काळ टिकून राहते ती आणखी एक गोष्ट. ती म्हणजे त्या स्पर्धेचा शुभंकर. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कोणत्या देशाला किती पदके मिळाली हे आज थोड्यांनाच सांगता येईल. परंतु 'अप्पू' हत्ती मात्र त्या पिढीतील बहुतेकांना आठवतो.

शुभंकराची निर्मिती हा केवळ एखाद्या चित्रकाराच्या प्रतिभेचा विषय नाही. त्यामागे देशाची स्वतःबद्दलची कल्पना, व्यापाराचे गणित, कायद्याच्या अटी आणि लोकांची पसंती अशा अनेक गोष्टी गुंतलेल्या असतात.

शब्द आणि प्रथा

शुभंकर म्हणजे शुभ करणारा. इंग्रजीतील 'मॅस्कॉट' हा शब्द फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांताच्या बोलीत आहे. त्या बोलीत 'मास्को' म्हणजे चेटकीण. एडमंड ओद्रां यांची 'ला मास्कॉत' ही संगीतिका १८८० मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आली आणि 'सोबत असल्यास भाग्य उजळवणारी व्यक्ती किंवा वस्तू' या अर्थाने हा शब्द सर्वत्र रूढ झाला.

जागतिक क्रीडास्पर्धांत शुभंकराचा प्रवेश १९६० च्या दशकात झाला. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेसाठी रेग हॉय या चित्रकाराने 'वर्ल्ड कप विली' हा सिंह रेखाटला. फुटबॉल विश्वचषकाचा तो पहिला शुभंकर होय. त्यानंतर १९६८ च्या ग्रेनोबल हिवाळी ऑलिंपिकमध्ये 'शूस' हा स्कीवर स्वार झालेला छोटा माणूस अवतरला, मात्र त्याला अधिकृत दर्जा नव्हता. उन्हाळी ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर म्हणजे १९७२ च्या म्युनिक स्पर्धेतील 'वाल्डी' हा डाखशुंड जातीचा कुत्रा. आशियाई स्पर्धांत ही प्रथा भारताने सुरू केली. 'अप्पू' हा आशियाई स्पर्धांचा पहिला शुभंकर मानला जातो.

वाल्डी : रंगांतून दिलेले उत्तर

शुभंकराच्या रचनेमागे किती विचार असू शकतो, याचे वाल्डी हे उत्तम उदाहरण आहे. जर्मनीत त्याआधीचे उन्हाळी ऑलिंपिक १९३६ साली, हिटलरच्या राजवटीत, बर्लिन येथे झाले होते. त्या स्पर्धेची आठवण पुसून एक खुला, प्रसन्न देश जगासमोर ठेवणे हे म्युनिकच्या संयोजकांचे उद्दिष्ट होते. स्पर्धेच्या दृश्यरचनेची जबाबदारी ओट्ल आयशर यांच्यावर सोपवण्यात आली. त्यांनी आपल्या रंगसंगतीतून नाझी राजवटीशी जोडले गेलेले लाल आणि काळा हे रंग वगळले आणि आकाशी, हिरवा, पिवळा, नारिंगी अशा उजळ रंगांवर भर दिला. त्यांच्या चमूतील एलेना विन्शरमान यांनी वाल्डी रेखाटला. त्याचे डोके व शेपूट फिकट निळी, तर धडावर रंगीत पट्टे होते. गरुड किंवा सिंह यांसारखे सत्तेचे प्रतीक न निवडता घराघरांत पाळला जाणारा आखूड पायांचा कुत्रा निवडणे, हाही त्याच भूमिकेचा भाग होता. त्या वर्षीच्या मॅरेथॉन शर्यतीचा मार्गदेखील नकाशावर वाल्डीच्या आकृतीसारखा दिसेल असा आखण्यात आला होता.

त्या स्पर्धेवर पुढे इस्रायली खेळाडूंच्या हत्येची काळी छाया पडली. कोणताही शुभंकर इतिहासाला वळवू शकत नाही. परंतु यजमान देश स्वतःकडे कसे पाहू इच्छितो, हे त्याच्या रेखाटनातून वाचता येते.

रचनेची कसोटी

कागदावर सुंदर दिसणारे प्रत्येक चित्र शुभंकर होऊ शकत नाही. एकच आकृती टपाल तिकिटावर बोटाच्या पेराएवढी आणि स्टेडियमच्या भिंतीवर अनेक मजली उंचीची दिसायची असते. त्यामुळे पहिली कसोटी बाह्याकृतीची असते. सगळे तपशील काढून केवळ काळी छाया ठेवली, तरी शुभंकर ओळखू आला पाहिजे. हत्तीची सोंड, सशाचे कान किंवा खारीची शेपटी यांना चित्रकार वारंवार पसंती देतात, त्याचे हेच कारण आहे. रंगही मोजके ठेवावे लागतात. बारीक छटा वर्तमानपत्राच्या छपाईत, भरतकामात किंवा प्लास्टिकच्या साच्यात टिकत नाहीत.

दुसरी कसोटी हालचालीची. शुभंकराला धावावे, पोहावे, धनुष्य ताणावे, कुस्ती खेळावी लागते. प्रत्येक क्रीडाप्रकारासाठी त्याची वेगळी मुद्रा तयार केली जाते. म्हणून बहुतेक चतुष्पाद प्राणी शुभंकर होताच दोन पायांवर उभे राहतात आणि त्यांच्या पंजांना बोटे फुटतात. चारही पायांवर राहिलेला वाल्डी या दृष्टीने अपवाद ठरतो.

तिसरी कसोटी पोशाखाची. स्पर्धेच्या ठिकाणी शुभंकराचा पोशाख घालून एखादा माणूस लोकांमध्ये वावरतो. त्यामुळे चित्रातील आकृतीच्या आत माणूस मावला पाहिजे, त्याला समोरचे दिसले पाहिजे, श्वास घेता आला पाहिजे आणि जिना चढता आला पाहिजे. डोके मोठे, मान आखूड आणि पाय जाड ही अनेक शुभंकरांची ठेवण काही अंशी या गरजेतून आली आहे. जाड कापड आणि स्पंज यांमुळे आत प्रचंड उकाडा होतो, म्हणून पोशाखातील कलावंताला थोड्या थोड्या वेळाने विश्रांती द्यावी लागते. आपल्याकडील हवामानात तर हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे.

चौथी कसोटी खेळण्याची. शुभंकराची सर्वाधिक विक्री मऊ बाहुल्यांच्या रूपाने होते. त्याचे टोकदार अवयव शिवणीत बसतील का, डोळे निखळून लहान मुलाच्या तोंडात जाणार नाहीत ना, हे प्रश्न चित्र मान्य होण्याआधीच विचारले जातात.

या सर्वांच्या जोडीला भावनेचा प्रश्न असतो. हिंस्र प्राण्याची भीती काढून त्याचे तेज शिल्लक ठेवणे ही अवघड कला आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी डिस्नेचे चित्रकार रॉबर्ट मूर यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय पक्ष्याला, गरुडाला, बुटका आणि हसरा 'सॅम' बनवले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकसाठी किम ह्यून यांनी कोरियन लोककथांतील वाघाला 'होदोरी' या बछड्याचे रूप दिले आणि त्याच्या डोक्यावर पारंपरिक नर्तकांची, लांब फीत असलेली टोपी चढवली. बालपुस्तकांचे चित्रकार व्हिक्टर चिझिकोव्ह यांचा 'मिशा' हे अस्वल १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये इतके लोकप्रिय झाले, की अनेक देशांच्या बहिष्कारानंतरही समारोप सोहळ्यात फुग्यांच्या साहाय्याने आकाशात उडालेला मिशा हे त्या स्पर्धेचे सर्वपरिचित दृश्य ठरले.

नावात काय असते?

शुभंकराच्या नावाला दुहेरी जबाबदारी असते. ते स्थानिक भाषेत अर्थपूर्ण हवे आणि परक्या माणसालाही उच्चारता आले पाहिजे. शिवाय त्या नावावर अन्य कोणाचा व्यापारचिन्हाचा हक्क नाही, तसेच दुसऱ्या भाषेत त्याचा विपरीत अर्थ होत नाही, याची तपासणी करावी लागते.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी हान मेइलिन यांनी पाच 'फूवा' रेखाटले : बेइबेइ, जिंगजिंग, हुआनहुआन, यिंगयिंग आणि नीनी. या नावांतील पहिली अक्षरे जोडली की 'बीजिंग तुमचे स्वागत करते' या अर्थाचे चिनी वाक्य तयार होते. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेसाठी इंडोनेशियाने 'भिन भिन', 'अतुंग' आणि 'काका' ही नावे 'भिन्नेका तुंगल इका' या राष्ट्रीय बोधवाक्यावरून घेतली. विविधतेत एकता हा त्याचा आशय असून त्यातील 'भिन्न' हा शब्द मराठी वाचकाला सहज ओळखता येईल. टोकियोच्या 'मिराइतोवा' या नावात भविष्य आणि चिरंतनता या अर्थाचे दोन जपानी शब्द एकत्र आले आहेत.

निवड कोणी करावी?

ऑलिंपिकच्या सनदेनुसार शुभंकराची रचना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मान्यतेसाठी सादर करावी लागते. परंतु समितीची मान्यता आणि लोकमान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकसाठी संगणकाच्या साहाय्याने 'व्हॉटइझिट' नावाची एक निळी आकृती तयार करण्यात आली. ती प्राणी नव्हती, माणूस नव्हती आणि कोणत्याही प्रदेशाशी तिचे नाते नव्हते. १९९२ च्या बार्सिलोना समारोपात तिचे प्रथम दर्शन घडले आणि टीकेचा भडिमार झाला. पुढे रूप बदलून तिचे नाव 'इझी' ठेवण्यात आले, तरी ती लोकांच्या मनात घर करू शकली नाही. सिडनीत २००० साली तर अधिकृत तीन शुभंकरांपेक्षा एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातून विनोदाने पुढे आलेला 'फॅट्सो' हा लठ्ठ वोम्बॅट अधिक गाजला. लंडनचे २०१२ चे एकाक्ष 'वेनलॉक' आणि 'मँडेव्हिल' यांचीही सुरुवातीला थट्टा झाली, जरी त्यांच्यासाठी मायकेल मॉरपर्गो यांच्यासारख्या नामवंत बालसाहित्यिकाने कथा रचली होती.

इंडोनेशियाचा अनुभव अधिक बोलका आहे. २०१८ च्या स्पर्धेसाठी प्रथम 'द्रावा' हा पक्षी निवडण्यात आला होता. त्याचे चित्र जुनाट आणि निर्जीव असल्याची टीका समाजमाध्यमांवर झाली. संयोजकांनी तो मागे घेतला आणि 'बर्ड ऑफ पॅराडाइज' पक्षी, बावियन हरीण व जावाचा एकशिंगी गेंडा असे देशाच्या वेगवेगळ्या भागांचे तीन प्रतिनिधी पुढे आणले.

याउलट, प्रथमदर्शनी नाकारलेला शुभंकर पुढे प्रियही होऊ शकतो. बार्सिलोनाचा 'कोबी' हा हाविएर मारिस्काल यांनी घनवादी शैलीत काढलेला मेंढपाळ कुत्रा अनेकांना आरंभी विचित्र वाटला होता. स्पर्धा संपेपर्यंत तो शहराचा लाडका झाला. म्हणजे लोकांना विचारावे की कलावंतावर विश्वास ठेवावा, याला एकच ठाम उत्तर नाही.

टोकियोने काढलेला मार्ग या दृष्टीने लक्षणीय आहे. २०१५ मध्ये त्या स्पर्धेचे पहिले बोधचिन्ह दुसऱ्या रचनेशी असलेल्या साम्याच्या आरोपामुळे मागे घ्यावे लागले होते. गेलेला विश्वास परत मिळवणे आवश्यक होते. शुभंकरासाठी २०१७ मध्ये खुली स्पर्धा घेण्यात आली आणि तिला २,०४२ प्रवेशिका आल्या. तज्ज्ञांनी त्यांतून तीन जोड्या निवडल्या. मात्र अंतिम निर्णय त्यांनी घेतला नाही. तो जपानमधील प्राथमिक शाळांतील मुलांवर सोपवण्यात आला. प्रत्येक वर्गाला एक मत होते. वर्गात चर्चा करायची, मतभेद मिटवायचे आणि एक नाव कळवायचे, अशी ही पद्धत होती. १६ हजारांहून अधिक शाळांतील २ लाखांहून अधिक वर्गांनी त्यात भाग घेतला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये र्यो तानिगुची यांची रचना विजयी ठरली. तज्ज्ञांची चाळणी आणि मुलांचा कौल यांचा मेळ घालणारी ही पद्धत नंतर इतरत्रही अनुकरणीय मानली गेली. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील 'पेरी' या बैलाची कल्पनाही एका शाळकरी मुलीच्या चित्रातून आली होती.

बाजाराची बाजू

शुभंकर हे उत्पन्नाचे साधनही आहे. त्याची प्रतिमा वापरण्याचे हक्क उत्पादकांना दिले जातात आणि त्या बदल्यात संयोजकांना रक्कम मिळते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकचा 'बिंग ड्वेन ड्वेन' हा बर्फाचे कवच ल्यालेला पांडा इतका खपला, की दुकानांपुढे रांगा लागल्या आणि साठा संपला. परंतु हे गणित चुकूही शकते. २००६ च्या जर्मनीतील विश्वचषकाचा 'गोलिओ' हा सिंह लोकांना रुचला नाही. त्याच्या बाहुल्या बनवण्याचा हक्क घेतलेल्या 'निकी' या जर्मन कंपनीने स्पर्धा सुरू होण्याच्या सुमारासच दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

वस्तू कोठे तयार होतात हाही संवेदनशील प्रश्न आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकने फ्रेंच राज्यक्रांतीचे प्रतीक असलेल्या लाल टोपीवरून 'फ्रीज' हा शुभंकर घडवला. मात्र त्याच्या बहुसंख्य बाहुल्या चीनमध्ये तयार होणार असल्याचे समजताच फ्रान्समध्ये टीका झाली. स्वातंत्र्याची टोपी परदेशातून आयात करावी का, असा त्या टीकेचा रोख होता. त्याच शुभंकराच्या पॅरालिंपिक रूपाला धावण्यासाठीचा कृत्रिम पाय दाखवण्यात आला, ही बाब मात्र सर्वत्र वाखाणली गेली. १९९२ च्या पॅरालिंपिकसाठी मारिस्काल यांनी रेखाटलेली 'पेत्रा' ही हात नसलेली मुलगी या विचाराची पूर्वसूरी म्हणता येईल.

भारताची परंपरा

अप्पूच्या यशात काळाचाही वाटा होता. १९८२ मध्येच दूरदर्शनचे राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि तो देशभरातील घरांत पोहोचला. १९८४ मध्ये दिल्लीत प्रगती मैदानावर सुरू झालेल्या 'अप्पू घर' या मनोरंजन उद्यानाने त्याचे नाव २००८ पर्यंत जिवंत ठेवले.

पुढील शुभंकरांत वाघ आणि हत्ती यांचे प्राबल्य राहिले. दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेचा 'शेरा' हा वाघ होता, तर २००८ मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथे झालेल्या राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धेत त्याचा धाकटा भाऊ 'जिगर' मैदानात उतरला होता. २०११ च्या विश्वचषक क्रिकेटसाठी 'स्टंपी' हा छोटा हत्ती आला.

त्यानंतर मात्र निवडीचा परीघ विस्तारलेला दिसतो. २०१७ च्या १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकासाठी ईशान्येकडील जंगलांत राहणारा क्लाउडेड लेपर्ड 'खेलिओ' या नावाने पुढे आला. ओडिशाने २०१८ आणि २०२३ च्या पुरुष हॉकी विश्वचषकासाठी आपल्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवाला 'ओली' बनवले. हीच कासवे कोकणातील वेळाससारख्या गावांच्या किनाऱ्यावरही येतात. २०२२ मध्ये मामल्लपुरम येथे झालेल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडचा 'तंबी' हा पटावरील घोडा तमिळ पद्धतीची वेष्टी नेसून, हात जोडून पाहुण्यांचे स्वागत करत होता. गोव्याने २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी आपला राज्यप्राणी गवा निवडला आणि त्याला कोंकणीतील प्रेमाचा शब्द आठवून देणारे 'मोगा' हे नाव दिले. स्थानिक भाषा, पोशाख आणि निसर्ग यांना मिळालेले हे स्थान स्वागतार्ह आहे.

चित्रामागचा प्राणी

तरीही एक प्रश्न उरतो. ज्या प्राण्याच्या प्रतिमेने स्पर्धेला ओळख दिली, त्याला त्या बदल्यात काय मिळाले?

ब्राझीलने २०१४ च्या विश्वचषकासाठी तीन पट्ट्यांचा आर्माडिलो निवडला. संकटाच्या वेळी शरीराचा चेंडू करणारा हा प्राणी फुटबॉलसाठी जणू घडवलेलाच होता. फुटबॉल आणि पर्यावरण या अर्थाचे पोर्तुगीज शब्द जोडून त्याचे नाव 'फुलेको' ठेवण्यात आले. मात्र हा प्राणी ज्या काटिंगा वनप्रदेशात राहतो, तो झपाट्याने आक्रसत आहे. स्पर्धेत होणाऱ्या प्रत्येक गोलमागे या प्रदेशातील एक हजार हेक्टर क्षेत्र संरक्षित करावे, असे आवाहन काही शास्त्रज्ञांनी केले होते. ते प्रत्यक्षात उतरले नाही, आणि शुभंकरातून मिळालेल्या उत्पन्नातील पुरेसा वाटा संवर्धनासाठी दिला गेला नाही अशी टीका झाली.

आपल्याकडचे उदाहरण अधिक हृदयद्रावक आहे. १९८२ च्या स्पर्धेत अप्पूच्या रूपात लाखो लोकांसमोर आलेले हत्तीचे पिल्लू केरळचे होते. कुट्टिनारायणन हे त्याचे नाव. पुढे पायाला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे तो अधू झाला आणि २००५ मध्ये गुरुवायूर येथे त्याचा मृत्यू झाला. अप्पूचे चित्र तोपर्यंत आठवणीत सुखरूप होते. ज्याच्यामुळे ते साकार झाले त्या हत्तीची मात्र देशाला फारशी खबर नव्हती.

वाघाच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. २००६ च्या गणनेत देशातील वाघांची अंदाजित संख्या १,४११ होती; २०२२ च्या गणनेत ती ३,६८२ पर्यंत पोहोचली. याचे श्रेय 'शेरा'ला देता येणार नाही. ते व्याघ्रप्रकल्प, वनकर्मचारी आणि जंगलाशेजारी राहणाऱ्या लोकांच्या सहनशीलतेला आहे. प्रतिमा लक्ष वेधते, संरक्षणाचे काम मात्र इतरांना आणि दीर्घकाळ करावे लागते, हेच त्यातून दिसते.

अहमदाबादच्या स्पर्धेसाठी शुभंकर निवडताना हा सारा अनुभव हाताशी आहे. गुजरातची आठवण होताच गीरचा सिंह डोळ्यांसमोर येणे स्वाभाविक आहे. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय स्पर्धांचा 'सावज' सिंहच होता, आणि त्याच वर्षी भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाची 'इभा' ही आशियाई सिंहीण होती. पुन्हा सिंह निवडावा की एखाद्या अपरिचित जीवाला संधी द्यावी, हा निर्णय संयोजकांचा आहे. परंतु देशातील शाळांमधील मुलांना त्या निर्णयात मत देता येईल का, बाहुल्या शिवण्याचे काम देशातील कारागिरांना मिळेल का आणि उत्पन्नातील ठरावीक वाटा त्या प्राण्याच्या अधिवासासाठी आधीच राखून ठेवला जाईल का, हे तीन प्रश्न चित्र काढायला घेण्यापूर्वीच सोडवावे लागतील. चित्र प्रसिद्ध झाल्यावर ते बदलणे फार महाग पडते, हे अटलांटा आणि जकार्ता या दोन्ही ठिकाणी दिसून आले आहे.